वाडा मोजायचाय, टेपने हिशोब जुळत नाही. लेझर स्कॅनर भाड्याने घ्यावा का?

ओसरीवाला | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

वाईला आमचा जुना वाडा आहे. दगडी जोतं, वर विटा-मातीच्या भिंती, सागवानी खांब-तुळया, मध्ये चौक, मागे परसू. सव्वाशे वर्षं तरी झाली असतील. आता वाटण्या करायच्या ठरल्यात. हिस्सेदार चार: धाकटे काका, आत्या, चुलतभाऊ आणि मी. माझा सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, त्यामुळे "नकाशा तूच काढ, बाहेरचा माणूस कशाला" म्हणून काम माझ्या गळ्यात.

दोन रविवार टेप आणि हातातलं लेझर मीटर घेऊन मोजलं. टेपचं दुसरं टोक काकांनी धरलं. उत्तरेची बाजू बाहेरून ७१ फूट ४ इंच येते. आतून खोल्या अधिक भिंती अशी बेरीज केली की ६८ फूट ७ इंच. पावणेतीन फूट गेले कुठे? इंच-दोन इंच असते तर गिलाव्यावर ढकललं असतं. काका म्हणतात, माझ्या खोलीत तू चुकलास. आत्या म्हणते, परत मोज. पाऊस तोंडावर आलाय.

ते तिपाईवर गोल फिरणारे थ्रीडी स्कॅनर पुण्यात भाड्याने मिळतात असं ऐकलंय. कुणी वापरलाय का? मातीच्या वाड्यात चालतो, की उगाच खर्च?

गुण्या | शनिवार, रात्री १०.१५

चाळीस वर्षं बांधकामात काढली. ओळंबा, लाइनदोरी आणि पाण्याची नळी एवढ्यावर इमारती उभ्या केल्या. स्कॅनर राहू द्या, आधी सांगा, कर्ण घेतलेत का? वाड्यात काटकोन सापडत नाही. खोली चौकोनी धरून कागदावर काढलीत की नकाशा शेवटी तोंड मिळवत नाही.

पण कर्णामुळे चार-सहा इंच जातील. पावणेतीन फूट नाही. ज्या भिंतीत दार नाही तिची जाडी कशी धरलीत?

ओसरीवाला | शनिवार, रात्री १०.२२

अंदाजाने. बाकीच्या भिंती दारांच्या चौकटीत मोजल्या, १ फूट १० इंच आल्या. तीच सगळीकडे धरली.

गुण्या | शनिवार, रात्री १०.२४

मग चोर तिथेच बसलाय.

फुकट_सल्ला | शनिवार, रात्री ११.०२

पावणेतीन फुटात दोन हंडे सहज मावतात. निघाले तर पाचवा हिस्सेदार म्हणून माझं नाव घाला.

बिंदुमाधव | रविवार, सकाळी ८.१०

सर्व्हेचाच धंदा आहे, गेली आठ वर्षं स्कॅनर वापरतोय. जरा सविस्तर लिहितो.

यंत्र काय करतं? डोकं सावकाश गोल फिरतं, आतला आरसा भराभर उभा फिरतो, लेझरचा ठिपका भिंतीवर जाऊन परत येतो आणि त्या जाण्यायेण्याच्या वेळेवरून अंतर निघतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंमी जातो. म्हणजे एक मिलिमीटर ओळखायचा तर सातएक पिकोसेकंदांचा फरक पकडावा लागतो. काही यंत्रं वेळ थेट मोजतात, काही परत आलेल्या लाटेची सरक बघतात. तुम्हाला त्याच्याशी देणंघेणं नाही. तुमच्या हातात येतो बिंदूंचा ढग. कोट्यवधी ठिपके, प्रत्येकाला लांबी-रुंदी-उंची, बहुतेक वेळा रंगही.

पूर्वी ही यंत्रं उचलायला दोन माणसं लागत. २०१६ साली लायका कंपनीने बीएलके३६० हा छोटा स्कॅनर आणला, वजन किलोभर, आकार थर्मासएवढा, तेव्हाची किंमत साधारण १६ हजार डॉलर. सेकंदाला ३ लाख ६० हजार बिंदू, पल्ला ६० मीटर, आणि १० मीटरवर ६ मिमी अचूकता. २०२२ च्या नव्या मॉडेलमध्ये बिंदू सेकंदाला ६ लाख ८० हजार झाले. ट्रिम्बल, फारो यांचीही यंत्रं आहेत. एका वाड्यासाठी विकत घेण्याचा विचारही करू नका. यंत्र आणि चालवणारा माणूस दोन्ही भाड्याने घ्या. नुसतं यंत्र घेतलंत तर पहिला दिवस बटणं शोधण्यात जाईल.

आता खरी गोष्ट. स्कॅनर फक्त समोरचं बघतो. दाराआड, कपाटामागे, खांबाच्या सावलीत तो आंधळा. म्हणून कौशल्य यंत्रात कमी आणि तिपाई कुठे ठेवायची यात जास्त आहे. प्रत्येक ठिकाणचा स्कॅन आपापला वेगळा असतो, ते शेजारच्या स्कॅनमधल्या सामाईक भागावरून एकमेकांना जोडावे लागतात. खोलीत एक, चौकात एक असं केलंत तर दोघांचं एकमेकांशी बोलणंच होत नाही. उंबरठ्यावर एक स्कॅन घ्यायचाच. दोन्हीकडचं दिसतं, जोड पक्की बसते. जिन्यात तर दर तीन-चार पायऱ्यांना.

तुमची ती बिनदाराची भिंत याच पद्धतीने सापडेल. एका खोलीतून निघा, चौकातून फिरून दुसऱ्या खोलीत जा, साखळी तुटू देऊ नका. भिंतीच्या दोन्ही तोंडांचे बिंदू एकाच नकाशात आले की मधली जाडी टेप न लावता वाचता येते.

टेपवाली | रविवार, सकाळी ११.३०

मी इंटिरिअर करते, ठाण्यात. मोबाइलवर होतं की हे! आयफोन १२ प्रोपासून प्रो मॉडेलच्या मागे लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर, आलाय. मी फ्लॅट फिरून पाच मिनिटांत थ्रीडी करते.

फक्त एक कबुली. एकदा त्याच मापावर वॉर्डरोब कारखान्यात टाकला. साइटवर आणला तर दीड इंच जास्त. सुतार माझ्याकडे बघतो, मी सुताराकडे. शेवटी बाजूची पट्टी रंधून बसवला, क्लायंटला कळलं नाही. तेव्हापासून मोबाइल फक्त अंदाजाला आणि ऑर्डर टेपने.

बिंदुमाधव | रविवार, दुपारी १२.०५

टेपवाली ताई, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. मोबाइलच्या लायडारचा पल्ला पाचएक मीटर. खोलीभर ठीक. वाडाभर फिरलात की चूक चुकीवर चढत जाते.

वाळवंटातून | रविवार, दुपारी ३.४८

आखातात पाइपिंगमध्ये आहे. आमच्याकडे चालू प्लँटमध्ये नवीन पाइप घुसवायचा असला की आधी स्कॅन. जुन्या नकाशावर कुणी विश्वास ठेवत नाही, कारण वीस वर्षांत कुणीतरी कुठेतरी वाकडी लाइन टाकून गेलेलं असतं आणि नकाशात ते चढलेलं नसतं. शटडाउनमध्ये पाइप दोन इंच आखूड निघाला तर काय होतं ते विचारू नका.

हातात धरून चालायचे स्कॅनरही असतात. बीएलके२गो पाऊण किलोचा. तो चालता चालता आजूबाजूचं बघून आपण कुठे आहोत ते स्वतःच ठरवतो. वेळ प्रचंड वाचतो. पण चालण्याची शिस्त लागते. सावकाश, दार आधीच उघडून ठेवून, आणि जिथून निघालो तिथेच परत येऊन फेरी बंद करायची. फेरी बंद झाली नाही तर लांब बोळात नकाशा हळूच केळ्यासारखा वाकतो आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

वाटणीचं काम असेल तर तिपाईवालाच घ्या.

हेमाडपंती | रविवार, रात्री ८.५५

जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम करते, म्हणून राहवलं नाही.

गुजरातच्या पाटणची राणी की वाव ही पायऱ्यांची विहीर, आपल्या जांभळट शंभरच्या नोटेवर आहे ती, २०११ मध्ये लेझरने स्कॅन झाली. स्कॉटलंडची मंडळी, सायआर्क ही जुन्या वास्तू स्कॅन करून ठेवणारी संस्था आणि आपलं पुरातत्त्व खातं मिळून. सायआर्क काढणारे बेन कासिरा हेच या तिपाईवरच्या स्कॅनरच्या आद्य निर्मात्यांपैकी. अफगाणिस्तानातले बामियानचे बुद्ध २००१ मध्ये फोडले गेले, त्यानंतर २००३ मध्ये ही संस्था उभी राहिली. पॅरिसच्या नोत्र दामचा स्कॅन मात्र आधीच झालेला होता. अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने २०१० मध्ये पन्नासेक जागांवरून ते चर्च स्कॅन केलं, शंभर कोटींहून जास्त बिंदू. त्याला गॉथिक बांधणाऱ्यांचं डोकं समजून घ्यायचं होतं. २०१८ मध्ये तो गेला, एप्रिल २०१९ मध्ये छप्पर जळालं.

आता तुमच्या वाड्याचं. ६ मिमी की ४ मिमी यावरून भाडेवाल्याशी घासाघीस करू नका. मातीची भिंत स्वतःच इंचभर इकडेतिकडे असते. कुठे पोट आलेलं, कुठे पावसाने पाय खाल्लेला. भांडण वेगळ्याच ठिकाणी होणार आहे: नकाशा किती उंचीवर कापायचा? बिंदूंच्या ढगातून आडवी चकती कापून प्लॅन काढतात. जमिनीलगत कापलात तर एक क्षेत्रफळ, छातीच्या उंचीवर दुसरं, कारण भिंत वर बारीक होत जाते. चौघांना आधी एका उंचीवर सही करायला लावा, मग यंत्र आणा. उलट्या क्रमाने केलंत तर ज्याला जी उंची फायद्याची ती तो धरून बसेल.

आणि नुसती पीडीएफ घेऊन घरी येऊ नका. ई-५७ फॉरमॅटमध्ये जोडलेला पूर्ण ढग मागून घ्या. ते बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये उघडतं. क्लाउडकम्पेअर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, चकत्या कापायला पुरेसं आहे.

सातबारा_उतारा | सोमवार, सकाळी ९.१७

एक कायदेशीर काडी टाकतो. स्कॅनने वाड्याच्या आतलं मोजमाप मिळेल. हद्द ठरणार नाही. शेजाऱ्याची भिंत कुठे संपते आणि तुमची कुठे सुरू होते, त्याला भूमी अभिलेखची मोजणी आणि प्रॉपर्टी कार्डच लागतं. तुमचा रंगीत थ्रीडी व्हिडिओ आपसातल्या वाटणीला उत्तम, सरकारी दप्तरात त्याला कुणी विचारणार नाही. दोन्हींची सरमिसळ करू नका.

गुण्या | सोमवार, सकाळी ९.४०

यंत्राला विरोध नाही माझा. पण चार-पाच लांबलचक मापं टेपने घेऊन ठेवा. यंत्रवाल्याला आधी सांगू नका. नकाशा आला की ती ताडून बघा.

बिंदुमाधव | सोमवार, सकाळी १०.०२

गुण्याकाकांशी शंभर टक्के सहमत. चांगला ऑपरेटर यावर चिडत नाही. चिडला तर दुसरा बघा.

ओसरीवाला | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०.३०

मंडळी, झालं एकदाचं. धागा वर काढतोय.

ऑपरेटर पुण्याहून आला, पंचविशीचा पोरगा. सकाळी आठला सुरुवात, दुपारी तीनला संपलं. एकूण ४६ स्कॅन. दर ठिकाणी तीन-चार मिनिटं, तेवढा वेळ आपण त्याच्या मागे-मागे लपत फिरायचं, नाहीतर आपणच नकाशात. आत्याने आल्या आल्या विचारलं, "डोळ्यांना काही होत नाही ना?" त्याने लेबल दाखवलं, क्लास वन, डोळ्यांना धोका नाही. तरी आत्या दिवसभर गॉगल लावून बसली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा, हिरवा.

गमती सांगतो. ओसरीवरच्या झोपाळ्यावर काका बसले होते आणि पायाने झोका देत होते. स्कॅनमध्ये झोपाळ्याच्या उभ्या फाकी निघाल्या, आंब्याच्या असतात तशा, आणि काकांचं एक धोतर तीन ठिकाणी. आत्याच्या खोलीतल्या आरशाच्या कपाटामागे एक आख्खी खोली निघाली! पलंग, खिडकी, कॅलेंडर सगळं उलटं. चुलतभाऊ उडालाच, "म्हणजे मागे खोली आहे?" पोरगा हसला. लेझर आरशात जाऊन परत आला की यंत्राला वाटतं सरळच गेला. ते भूत हाताने पुसून टाकावं लागतं. देवघरातल्या काचेच्या तसबिरींमागेही अशीच छोटी छोटी भुतं.

पण खरा घोळ संध्याकाळी झाला. लॅपटॉपवर सगळे स्कॅन आपोआप जोडले आणि पोरगा म्हणाला, छान बसलेत, चूक फक्त ४ मिमी दाखवतंय. मी बघत होतो. काहीतरी खटकत होतं. चौकाच्या लांब बाजूला खांब मोजले, सात. आमच्या चौकाला सहा खांब आहेत, पाच खण. लहानपणापासून खांब-खांब खेळलोय तिथे, ते चुकणार नाही.

बिंदुमाधव | रविवार, रात्री १०.३८

एका खणाने घसरलं!

ओसरीवाला | रविवार, रात्री १०.४७

अगदी. सगळे खांब सारखे, सगळे खण सारखे. एक स्कॅन शेजारच्या खणावर जाऊन फिट्ट बसला आणि सॉफ्टवेअर खूश. ४ मिमी चूक दाखवतंय आणि वाडा साडेपाच फुटांनी लांब! गुण्याकाकांच्या सांगण्यावरून चौकाची लांबी टेपने घेतलेली होती, ती काढून पुढे ठेवली. पोरगा गप्प. मग त्याने ते दोन स्कॅन सोडवून हाताने जोडले. एका खांबाशी पितळी घंगाळ होतं, त्यावरून जागा पक्की केली.

बिंदुमाधव | रविवार, रात्री ११.०५

हे नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. सॉफ्टवेअर जी चूक दाखवतं ती दोन स्कॅन एकमेकांवर किती घट्ट बसले त्याची. बरोबर *जागी* बसले का, हे त्याला माहीत नसतं. सारखे खांब, हॉटेलचे एकासारखे एक मजले, पार्किंग, बोगदा, सगळीकडे हा धोका. म्हणून काळे-पांढरे टार्गेट कागद चिकटवायचे, किंवा मुद्दाम वेड्यावाकड्या वस्तू ठेवायच्या. घमेलं, स्टूल, सायकल. घंगाळाने वाचवलं तुम्हाला.

टेपवाली | सोमवार, सकाळी ८.३३

ते सगळं सोडा, पावणेतीन फूट??

फुकट_सल्ला | सोमवार, सकाळी ८.३५

हंडा??

ओसरीवाला | सोमवार, दुपारी १.२०

सांगतो, कारखान्यात जेवणाची सुट्टी आहे.

जोडणी दुरुस्त झाल्यावर टेपची पाचही मापं ताडली. सगळ्यात मोठा फरक अर्धा इंच. मग साडेतीन फुटांवर चकती कापली (हेमाडपंती ताई, त्या उंचीवर चौघांच्या सह्या आधीच घेतल्या होत्या, दंडवत). माजघर आणि कोठीची खोली यांच्यामधली भिंत पडद्यावर आली. १ फूट १० इंच नाही. ४ फूट ७ इंच. फरक बरोब्बर २ फूट ९ इंच. आमच्या बेरजेतून हरवलेला आकडा तोच. गुण्याकाका, चोर तुम्ही सांगितला तिथेच बसला होता.

एवढी जाड भिंत कुणी बांधत नाही. मग माडीवर बरोबर त्याच्या डोक्यावर काय आहे ते बघितलं. पोराने तख्तपोशीला, म्हणजे माडीच्या फळ्यांच्या जमिनीला, उंचीप्रमाणे रंग दिले. सगळी जमीन हिरवी, कुठे कुठे पिवळट. मध्येच एक लांबट पट्टा निळा, आजूबाजूपेक्षा १२ मिमी खाली. साधारण अडीच फूट रुंद. वर जाऊन सतरंजी उचलली. तिथल्या फळ्या वेगळ्या लाकडाच्या, खिळेही नवे, म्हणजे कारखान्यातले गोल डोक्याचे. बाकी सगळीकडे लोहाराचे चौकोनी.

आत्या खाली उभी होती. म्हणाली, "अंधारा जिना." लहानपणी दंगा केला की आजी म्हणायची, अंधाऱ्या जिन्यात कोंडीन. आत्याला वाटायचं नुसतं भेडसावायला म्हणते.

हेमाडपंती | सोमवार, दुपारी २.०२

भिंतीच्या पोटातला जिना! वाड्यांमध्ये असतातच, आणि पुढच्या पिढ्या खालचं तोंड लिंपून टाकतात. कृपा करून लगेच फोडू नका. त्या भिंतीवर तुळया टेकल्या असतील. आधी वरच्या दोन फळ्या काढून आत दिवा सोडा, फोटो घ्या. दिवसा. आणि आत पाऊल टाकू नका, पायऱ्या कुजलेल्या असू शकतात.

गुण्या | सोमवार, दुपारी २.४०

कोठीच्या खोलीच्या बाजूने भिंतीवर ठोकून बघा. भरीव आणि पोकळ यांचा आवाज कळेल. हे फुकट आहे.

वाळवंटातून | सोमवार, दुपारी ४.१५

ऑपरेटरकडून नकाशा किती दिवसांत मिळाला? आमच्याकडे स्कॅन एक दिवस आणि नकाशा पंधरा दिवस, हेच ठरलेलं.

ओसरीवाला | सोमवार, रात्री ९.१०

दहा दिवस. मोजणी सात तासांत झाली, बिंदूंवरून रेघा ओढायलाच वेळ गेला. कुठली रेघ भिंत आणि कुठली पोपडा, ते माणसालाच ठरवावं लागतं. चार वेळा फोन करून विचारलं त्याने, "दादा, हा कोनाडा आहे की पडझड?" सगळा ढग पेनड्राइव्हवर घेतलाय, माझा जुना लॅपटॉप तो उघडताना विमानासारखा आवाज करतो.

गुण्याकाका, ठोकलं. पोकळ.

आणि मी चुकलो नव्हतो हे काकांनी मान्य केलं, म्हणजे चहा पाठवला.

फुकट_सल्ला | सोमवार, रात्री ९.१४

हंड्याचं बोला.

ओसरीवाला | सोमवार, रात्री ९.३१

दिवा सोडून बघितला. अकरा पायऱ्या, एक फुटकी केरसुणी, आणि वटवाघळांची लीद. हंडा नाही. पण जागा तीसएक चौरस फूट भरते. माजघर काकांच्या वाट्याला, कोठी आत्याच्या, आणि जिना दोघांच्या मध्ये. काल रात्रीपासून दोघंही "मला नको, तू घे" म्हणतायत. परवापासून काय म्हणतील सांगता येत नाही, म्हणून वाटणीच्या कागदावर तेवढी जागा पेन्सिलीने काढून ठेवलीय.